कर्नलसाहेबांची तपासणी

आमच्या आत्यांनी अर्ध्या मार्गासनी गावाला सांगून ठेवलं होतं, की सुनेचं कर्नलसाहेबांशी लिहिणं चालू आहे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, साळूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. मला ही बातमी कळली ती पिठाच्या गिरणीत. गिरणीवाले धनाजीभाऊ डबा तोलता तोलता म्हणाले, "शुभांगीवैनी, कर्नल कंच्या रेजिमेंटचं म्हनायचं?" मी नुसती त्यांच्या पिठाने माखलेल्या भुवयांकडे बघत राहिले. घरी येताना उलगडा झाला आणि रस्त्यात एकटीच हसले.

कर्नल म्हणजे फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या पोटातला मुख्य प्रोग्राम. चिपकडून काम कसं करून घ्यायचं, बॅटरी कुणाला किती द्यायची, हे सगळं तो बघतो. मी ज्या कर्नलसाठी लिहिते तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं तो मिळून लिहितात आणि कुणीही तो फुकट घ्यावा. त्यात नवीन काही जोडायचं असेल तर ईमेलने सगळ्यांच्या देखत पाठवायचं, आणि मग सगळ्यांच्या देखतच आपल्या चुका ऐकून घ्यायच्या. पुण्याच्या कंपनीची माझी नोकरी मी गच्चीवर बसून करते, कारण रेंज तिथेच. ती उरकली की हे. त्यामुळे घरात माझ्या तोंडी सारखं, "कर्नलला पाठवलंय", "कर्नलकडून अजून उत्तर नाही".

आत्यांचे चुलते महार रेजिमेंटमध्ये होते. त्यांच्या माहेरी कर्नल एकच, छातीवर पदकं असलेला. मी खुलासा करणार होते, पण त्या इतक्या ऐटीत सांगत फिरत होत्या की माझ्याच्याने होईना. शिवाय खरं सांगायचं तर कर्नलशी पत्रव्यवहार असलेली सून म्हणून गावात माझा मान जरा वाढला होता. म्हटलं, असू दे. फुकटचा मान कुणाला नको असतो.

हा सगळा उद्योग मी मांडला होता तो मामांसाठी. मामा, म्हणजे साहेबराव, भोर डेपोत ड्रायव्हर होते. वरंध घाटातल्या धुक्यात ज्यांनी उभी हयात एसटी चालवली, त्यांची नजर निवृत्तीनंतर काचबिंदूने नेली. दुसरा कुणी खाटेला खिळला असता. मामांनी बोलणारा फोन घेतला. तो वेळ सांगायचा, आपण कुठे आहोत ते सांगायचा, पेपर वाचून दाखवायचा. त्याला खाली एक उठावाचं बटण होतं. तेवढ्या एका बटणाच्या भरवशावर मामा तो शिकले. प्रेमने, माझ्या नवऱ्याने, त्यांना एक अख्खा हिवाळा शिकवलं. दोघांनी एकमेकांवर भरपूर आरडाओरडा केला आणि शेवटी जमलं.

मग मामा एकटे भोरला जायला लागले. घरातून काठी टेकत स्टँडवर, वेल्ह्याहून येणारी एसटी, चेलाडी फाट्यावर गाडी बदलायची आणि भोर. तिथे डेपोतल्या जुन्या मंडळींत, विशेष करून त्यांच्या कोंडिबा कंडक्टरसोबत, चहा, गप्पा, थोडं भांडण, विहारात एक चक्कर आणि संध्याकाळच्या गाडीने परत. परत आले की आठवडाभर पुरेल एवढा ऐवज त्यांच्याकडे असायचा. कुणाची सून कशी, कुणाचा गुडघा बदलला, कोण अजून जिवंत आहे आणि उगाचच आहे.

फोनच्या कंपनीने त्या मॉडेलवरून हात काढून घेतले आणि हळूहळू त्यातला आवाज चालेनासा झाला. प्रेमने नवा फोन आणला. नवा फोन म्हणजे सगळी काच. बोट कुठे ठेवायचं ते मामांना कळेना. दोनदा तो त्यांच्या हातून जिन्यावर पडला आणि तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम पाडला असा मला अजून संशय आहे. शेवटी मी त्यांच्या जुन्याच फोनमध्ये हा सगळ्यांनी मिळून लिहिलेला कर्नल घातला. आवाज परत आला, आधीपेक्षा खणखणीत. मामा खूश झाले. फक्त एक गोष्ट राहिली होती. फोन भट्टीसारखा तापायचा आणि दुपारपर्यंत बॅटरी संपायची.

व्हायचं तेच झालं. चेलाडी फाट्यावर फोन मेला. हायवेवर गाड्यांचा नुसता गलका, आपण कुठे उभे आहोत हे सांगणारं कुणी नाही. कुणा भल्या माणसाने हात धरून त्यांना गाडीत बसवून दिलं, आणि ती गाडी निघाली स्वारगेटची. इकडे आम्ही फोन करतोय तर ती बाई शांतपणे सांगतेय, आपण डायल केलेला नंबर बंद आहे. आत्या दारात बसून होत्या. त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही. प्रेम शिरवळच्या कारखान्यातली ड्यूटी टाकून पुण्याला धावला आणि मामांना घेऊन आला. ते स्वारगेटला कंट्रोलरच्या खोलीत बसले होते, ताठ, जणू ड्यूटीवर आहेत.

घरी आल्यावर प्रेम म्हणाला, "आता एकट्यानं जायचं नाही, अण्णा. बास झालं."

मामा वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वाद घातला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. ज्या माणसाचा आवाज तीन घरांपलीकडे जायचा, तो ओट्यावर मुका बसायला लागला. जेवायला हाक मारली की उठायचं, जेवलं की परत ओटा. पेपर वाचून दाखवू का विचारलं की म्हणायचे, "कशाला? त्यात काय बी नसतंय." डोळे गेले तेव्हा जो माणूस खचला नव्हता तो आता खचत होता, आणि आम्ही सगळे बघत होतो.

एक दिवस मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मामा, दम धरा. फोन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टिकेल असा करून देते. मग खुशाल जा." प्रेमकडून कबूल करून घेतलं, की फोन टिकला तर तो आड येणार नाही. तो हो म्हणाला. बहुतेक त्याला वाटलं असावं की हिच्याने काय होतंय.

मामांनी विचारलं, "पर त्यो तापतोय कशानं?"

"त्यातल्या चिपला गियर नाहीत, मामा. काम असो नसो, ती एकाच वेगात पळते."

"म्हंजी सपाटीला बी त्योच गियर आन घाटात बी त्योच."

"तसंच. आता मी तिला गियर घालणार. काम नसलं की हळू, काम आलं की जोरात. कुठला वेग कधी टाकायचा ते ठरवणारा एक गव्हर्नर असतो, तो कर्नलच्या हाताखाली आधीपासून आहे. पण त्याला ही चिप ओळखता येत नाही. ती ओळख मी लिहून देणार."

आतून आत्यांचा आवाज आला, "कर्नल झाला, आता गव्हर्नर बी?" मामा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

भोरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून मी त्याच मॉडेलचा, काच फुटलेला फोन आणला. मामांच्या फोनवर प्रयोग नकोत. काम असं होतं, की चिपच्या प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज लागतं ते शोधायचं आणि त्या जोड्या कर्नलला समजतील अशा लिहायच्या. ज्या कंपनीने चिप बनवली ती याबद्दल तोंडातून चकार शब्द काढायला तयार नव्हती. जुन्या, कुणीतरी घाईघाईत लिहिलेल्या प्रोग्राममधून एकेक आकडा खणून काढावा लागला. उन्हाळा तोंडावर आला होता. गच्चीवर राजगडाकडून गरम वारा यायचा आणि मी ओढणी डोक्याला गुंडाळून बसलेली. शेजारच्या बाळाबाई खालून म्हणायच्या, "कर्नल लई राबवून घेतो गं तुला."

शेवटी फोनने वेग बदलला. काम नसताना हळू, काम दिलं की झटकन वर. मी तो खाली आणून तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या फळीवर ठेवला, कुणाचा हात लागू नये म्हणून. त्याला दिवसभर पेपर वाचायला लावला, मधूनमधून जड कामाला जुंपला. तापमान तो स्वतःच नोंदवून ठेवायचा. संध्याकाळी मी बघायची. जेवताना मी सगळ्यांना सांगितलं, "आता तपासणी चालू आहे. यात तापला नाही म्हणजे जिंकलो. मग कर्नलला पाठवायचं."

आकडे आले ते बघून माझा विश्वास बसेना. एवढं जड काम, बाहेर एवढी उष्णता, आणि फोन माणसाच्या अंगाइतकासुद्धा गरम नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी हवेत. आकड्यांसकट सगळं पाठवून दिलं आणि मामांना सांगितलं, येत्या रविवारी तुमच्या फोनमध्ये घालते. मामा त्या संध्याकाळी स्वतः उठून जेवायला आले.

रविवारच्या आधी दोन ईमेल आल्या. एक ब्राझीलमधल्या कुणाची. त्याच्याकडे हाच फोन होता आणि माझं काम घातल्यावर तो वेग वाढवताना जागच्या जागी गोठत होता. दुसरी कर्नलचा हा भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरची. हा गृहस्थ फिनलंडचा, शब्द मोजून वापरणारा. त्याने एवढंच लिहिलं होतं, की तुमचे तापमानाचे आकडे जरा जास्तच चांगले आहेत, चाचणी कशी केली ते सांगा.

माझं डोकं फिरलं. जास्तच चांगले म्हणजे काय? मी काय खोटं लिहिते? माहेरी पानशेतला आमच्या हॉटेलात गिऱ्हाइकं येऊन म्हणायची, पिठलं जास्तच चांगलं झालंय, काय घालता? तेव्हा माझी आई जशी बघायची तशी मी त्या ईमेलकडे बघितलं. म्हटलं, थांब, परत करून दाखवते. फोन फळीवर ठेवला, तपासणी लावली आणि तणतणत गच्चीवर गेले.

त्या दिवशी चहाला मी नेहमीपेक्षा लवकर खाली आले. आत्या फळीपुढे स्टूल घेऊन बसल्या होत्या. मांडीवर पातेलं, त्यात माठातलं पाणी. फोनवर पांढऱ्या फडक्याची ओली घडी. त्यांनी ती उचलली, हाताची पालथी बाजू फोनला लावून बघितली, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग फडकं बुडवलं, घट्ट पिळलं आणि नीट परत ठेवलं.

"आत्या, काय करताय?"

"काय न्हाई. पट्टी बदलतीय. लई तापतंय गं बिचारं."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापास्नं," त्या म्हणाल्या. आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

माझा तोल गेला. जगभरातल्या माणसांसमोर मी ते आकडे मांडले होते. मी मोठ्याने बोलले, जे बोलू नये तेही बोलले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, सगळ्याचं वाटोळं केलंत, आता कुठल्या तोंडाने सांगू त्यांना. आत्या पातेलं धरून तशाच बसून राहिल्या. ओट्यावरून मामांचा आवाज आला, "शुभांगी. माझ्यापायी तिला बोलू नगंस."

आत्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"कर्नलसायेब तपासनार, तूच म्हनलीस," त्या म्हणाल्या. "तपासनीत ताप निघाला की माघारी लावत्यात. आमच्या गेनबाचं तसंच झालं."

गेनबा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो मी लग्नात एकदाच बघितला होता, उंच, वाकलेला, सगळ्यांच्या मागे उभा. त्याची ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

"भरतीत पळन्यात पैला आलावता. छाती भरली, उंची भरली. डाक्टरच्या दिसाला अंगात कनकन. लावला माघारी. म्होरल्या वर्साला वय उलाटलं. जल्मभर दुसऱ्याच्या बैलामागं फिरला. आमची आई मरस्तवर म्हनायची, त्या सकाळी एक पट्टी ठिवली असती तर." आत्यांनी पदराने हात पुसले. "तवा म्हनलं, ह्या टायमाला तरी ऱ्हायाला नगं. ह्यांचं जानं-येनं त्येच्यावर हाय."

माझा राग गेला. अगदी सगळा गेला असं म्हणणार नाही, पण जो उरला तो स्वतःवरचा होता. मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"आत्या, कर्नल हा माणूस नाही. तो फोनच्या आतला प्रोग्राम आहे."

त्यांनी जरा विचार केला. "मंग तपासतं कोन?"

"तपासतात माणसंच."

"मंग तेच की," आत्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

फडक्याशिवाय तपासणी लावली. फोन हळूहळू तापत गेला. आवाज पेपर वाचत होता, कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाची बातमी. "या प्रसंगी बोलताना ते म्हणा" एवढं बोलून तो थांबला. पडदा थिजला. बटण दाबलं, काही नाही. ब्राझीलच्या माणसाचं खरं होतं.

"गेला?" आत्यांनी विचारलं.

"गेला."

रविवारी मी हे मामांच्या फोनमध्ये घालणार होते. ते फाट्यावर उतरले असते आणि हायवेच्या कडेला फोन अर्ध्या शब्दात मुका झाला असता. बॅटरी संपलेली परवडली, ती निदान आधी सांगते तरी. रविवार उजाडायच्या आत हे कळलं म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला आणि मग आठवलं, आता चूक कबूल करणारी ईमेल लिहायची आहे.

सोपं नव्हतं. शेकडो माणसं वाचणार, आणि तिथे लिहिलेलं कायम राहतं. पहिल्यांदा मी लिहिलं, काही बाह्य कारणाने तापमान कमी राहिलं. पुसलं. मग लिहिलं, फोनला अनवधानाने गारवा मिळाला. तेही पुसलं, असलं लिहिणारी मी नव्हे. शेवटी सरळ लिहून टाकलं. माझ्या सासूबाईंना वाटलं की फोनला ताप आहे, म्हणून त्या त्याच्यावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. मला माहीत नव्हतं. आधीचे सगळे आकडे रद्द समजावेत. पट्टी नसताना फोन गोठतो. पाठवलं आणि लॅपटॉप मिटून खाली भाकरी थापायला गेले, म्हणजे निदान त्यात तरी चूक काढायला कुणी नको.

सकाळी फिनलंडवाल्याचं उत्तर आलेलं होतं. मी एक डोळा मिटून उघडलं. त्याने लिहिलं होतं, या चिपवर आजवर झालेली ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे. पट्टी असताना एकदाही गोठला नाही आणि नसताना गोठला, हे नक्की का? नक्की असेल तर कुठे बघायचं ते आपल्याला कळलं. सासूबाईंना धन्यवाद सांगा.

"आपल्याला" हा शब्द मी परत परत वाचला.

खरंच की. गार असताना जमतं आणि तापल्यावर जमत नाही, म्हणजे वेगाच्या आणि व्होल्टेजच्या जोड्या बरोबर होत्या, बिनसत होतं ते मधेच कुठेतरी. आमच्याकडे विहिरीवर व्होल्टेज पुरेसं यायच्या आधी मोटर चालू केली की ती नुसती घूं घूं करते आणि बसते. इथेही तेच चाललं होतं. वेग वाढवायच्या आधी व्होल्टेज वाढवायचं, हे मी बरोबर लिहिलं होतं. पण वाढव म्हटल्याबरोबर व्होल्टेज वाढत नाही. त्याला वर चढायला वेळ लागतो, पापणी लवण्यापेक्षाही कितीतरी कमी, पण लागतो. तो वेळ किती, हे सांगणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. मग कर्नल धरून चालायचा की लागत नाही, आणि व्होल्टेज पोचायच्या आत वेग वाढवून मोकळा व्हायचा. चिप गार असली की तेवढ्यावर निभावून न्यायची. तापलेली असली की जागीच बसायची.

मामांना मी उठता बसता म्हणत होते दम धरा, दम धरा, आणि चिपला मात्र दम धरायला वेळच दिला नव्हता.

एक ओळ. सगळ्या कामात कमी होती ती एक ओळ. ती घातली आणि फोन घेऊन भर उन्हात गच्चीवर, पाण्याच्या टाकीवरच्या पत्र्याजवळ ठेवला. आत्यांना सक्त ताकीद होती. त्या जिन्याच्या दारात सावलीला बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून. मामाही काठी टेकत वर आले. आवाज वाचत होता. पुलाचं उद्घाटन झालं, बाजारभाव झाले, राशिभविष्य झालं, ज्याच्यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही. फोन तापत होता, पण काम कमी झालं की आपणहून हळू होत होता, जरा निवत होता, परत वर जात होता. ऊन कललं तरी तो बोलत होता आणि बॅटरी निम्म्याहून जास्त होती. मला रडू आलं. उगाच लपवत नाही, चांगलं हुंदके देऊन आलं.

"पास?" मामांनी विचारलं.

"पास, मामा."

ब्राझीलच्या माणसाचाही फोन आता गोठत नव्हता. फिनलंडवाल्याने काम घेतलं, पण अट घातली की ओल्या फडक्याची हकीकत त्यासोबतच्या टिपणात लिहा. पुढे कुणी ही ओळ अनावश्यक म्हणून काढू नये. म्हणून ती आता तिथे आहे. मी आत्यांच्या नावासकट लिहिली आहे.

आत्यांना सांगितलं तर त्यांनी आधी नावाचं काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "ताप निघाला तरी घेतलं?"

"घेतलं. ताप कशाने आला ते शोधा म्हणाले, मग घेतलं."

आत्या तांदूळ निवडत होत्या. थोडा वेळ त्यांचा हात थांबला. "आमच्या गेनबाला बी कुनी एवढं इचारलं असतं तर," त्या म्हणाल्या. मग सूप परत हलायला लागलं. मीही त्यांच्यासमोर बसून तांदूळ निवडायला लागले.

मामा भोरला निघाले त्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि आम्हा दोघींना स्टँडपर्यंत यायला साफ मनाई केली. आत्या तरी लांबून मागे गेल्याच, मी फाटकातून बघत राहिले, तिथून स्टँड दिसतो. एसटी आली, मामा चढले, कंडक्टर कुणी ओळखीचा निघाला असावा, कारण चढता चढताच त्यांचा आवाज ऐकू आला, तीन घरांपलीकडे जाणारा.

दिवस कसा गेला ते विचारू नका. मी कंपनीचं काम करत होते म्हणजे पडद्याकडे बघत होते. आत्यांनी तीच भांडी दोनदा घासली. दुपारी मामांचा फोन आला, विहारात पोचलो म्हणून, आणि तेवढ्यावर आम्ही दोघी जेवलो.

संध्याकाळची एसटी आली. आम्ही फाटकात उभ्या. बाळाबाई उतरल्या, दोन शाळकरी मुली उतरल्या, खताचं पोतं उतरलं. मामा नाहीत. गाडी वेल्ह्याकडे निघून गेली.

आत्यांनी माझा दंड धरला. तेवढ्यात प्रेमचा फोन, शिरवळहून, चहाच्या सुट्टीतला. "आले का?"

"नाही अजून."

"मी सांगत होतो तुला. मी सांगत होतो ना? फोन लाव त्यांना. मी निघतो इथून."

"थांब. आधी लावते मग सांगते."

मामांचा नंबर लावला. आत्यांनी कान माझ्या कानाला भिडवला. मी त्या बाईची वाट बघत होते, शांत आवाजाच्या. ती आली नाही. घंटी वाजली. एकदा, दोनदा, वाजत राहिली. आणि मग बंद झाली.

"काय झालं?" आत्यांचा आवाज चिरकला.

"कापला."

"म्हंजी?"

"म्हणजे त्यांनीच बटण दाबून बंद केला. आपला फोन नको म्हणून."

परत लावला. या वेळी एकच घंटी झाली आणि लगेच कापला. न उचललेल्या फोनात मागचं काही ऐकू येत नाही, तरी मला कपबश्यांचा आवाज आल्याचा भास झाला. पण दाबणारं बोट कुणाचं आणि किती वैतागलेलं, ते मला इथे दिसलं.

आत्यांनी माझा दंड सोडला. त्या फाटकाला टेकल्या आणि हसायला लागल्या, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. "कोंडिबासंगं बसल्यात," त्या म्हणाल्या. "डेपोत व्हतं तवा बी असंच. निरोप धाडला की म्हनायचं, सांग न्हाई भेटले म्हनून." मग डोळे पुसून त्या आत गेल्या, भात झाकून ठेवायला.

मी प्रेमला फोन लावला.

"मामांनी माझा फोन कापला," मी म्हटलं.

तिकडे मागे मशीन चालू होतं. "परत लावून बघितलास?"

"बघितला. परत कापला."

"दोनदा कापला?"

"दोनदा."

"मग येतील शेवटच्या गाडीनं," प्रेम म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.